पाठीचं ऑपरेशन आणि रिहॅब, साडेसात महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

मी प्रोफेशनल व्हॉलीबॉल खेळते, मिडल ब्लॉकर आहे (नेटच्या मध्ये उडी मारून समोरच्याचा बॉल अडवणारी), म्हणजे एका प्रॅक्टिसमधल्या उड्या मोजायला बसलं तर शंभराच्या वर सहज जातात. एल५-एस१ ची, म्हणजे कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याखालची, गादी सरकली, डाव्या पायाची नस दबली, मायक्रोडिस्केक्टमी (गादीचा दाबणारा तुकडा काढायचं ऑपरेशन) झाली आणि आता परत खेळतेय. ऑपरेशनच्या आधी मी रात्र रात्र जागून लोकांचे अनुभव वाचायचे आणि सगळीकडे दोनच प्रकार, एक तर 'नवीन आयुष्य मिळालं' नाहीतर 'चुकूनही करू नका', मधलं कोणी लिहीतच नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ऑपरेशनला ५ पैकी ५, रिहॅबला (ऑपरेशननंतर परत उभं करणारे व्यायाम आणि टेस्ट) ५ पैकी ५, आणि ह्या दोघांच्या मधल्या पहिल्या दोन आठवड्यांना फक्त २.

आधी एक सांगते, मी लगेच ऑपरेशन केलेलं नाही आणि इमर्जन्सी नसेल तर कोणी करूही नये. पहिल्यांदा मी ज्या डॉक्टरांना दाखवलं (नाव घेत नाही) त्यांनी एमआरआय लाइटवर लावला, अर्धा मिनिट बघितला आणि म्हणाले उद्या अ‍ॅडमिट व्हा, सहा आठवड्यांत कोर्टवर. मला पायात ताकद आहे का, बधिरपणा कुठे आहे, झोपवून पाय सरळ वर उचलला तर कळ कुठपर्यंत जाते, काहीच बघितलं नाही. नंतर कळलं की पाठ अजिबात दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये पण गादी फुगलेली दिसते, त्यामुळे नुसता फोटो बघून ठरवणं चुकीचंच आहे. दुसऱ्या सर्जन सरांनी बूट-मोजे काढायला लावले, पंजांवर चालायला लावलं, टाचांवर चालायला लावलं, टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारली. उजवा पाय उडाला, डावा ढिम्म. मग म्हणाले, दुखणं कमी व्हायला वेळ देऊ, बऱ्याच जणांचं सहा ते बारा आठवड्यांत आपोआप बसतं, पण पोटरीची ताकद कमी व्हायला लागली तर थांबायचं नाही. आणि एक गोष्ट तीन वेळा बजावून सांगितली, लघवीवर कंट्रोल जातोय असं वाटलं किंवा मांड्यांच्या मधला भाग, जिथे आपण सायकलच्या सीटवर बसतो तो, बधिर झाला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच क्षणी इमर्जन्सीला यायचं. हे प्रत्येकाला माहीत असायला हवं.

दहा आठवडे मी औषधं, चालणं, फिजिओ सगळं प्रामाणिकपणे केलं. पाठ खरं तर बरी झाली होती. पण एका पायावर उभं राहून टाच उचलायची टेस्ट असते ना, उजव्या पायाने २८ वेळा व्हायची आणि डाव्याने आधी ११, मग ७, मग ४. चौथ्याला पोटरी थरथरायला लागायची आणि पाचव्याला टाच जमिनीवरून निघायचीच नाही, डोकं सांगतंय उचल आणि पाय ऐकत नाही, दुखण्यापेक्षा ते जास्त भयानक होतं. त्या दिवशी ऑपरेशन ठरलं.

ऑपरेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही कारण ते खरंच छान झालं. साधारण तीन सेंटिमीटरचा छेद, मायक्रोस्कोपखाली नस हळूच बाजूला करून तिच्यावर दाबणारा गादीचा तुकडा काढतात, पूर्ण गादी काढत नाहीत. तासाभरात झालं. शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे पायातली कळ नव्हती, गेले तीन महिने चोवीस तास असणारी कळ गायब, मी रडलेच. संध्याकाळी कॉटवरून उठून चालवलं. मला आवडलेली गोष्ट म्हणजे सरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की हे ऑपरेशन पायासाठी आहे, पाठीसाठी नाही, पाठ तुला स्वतःला तयार करावी लागणार. आणि काय काय बिघडू शकतं तेही सांगितलं, इन्फेक्शन, गादी परत सरकणं, मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला भोक पडून पाणी गळणं. हे शेवटचं ऐकून मला स्टीव्ह कर आठवले, अमेरिकेतल्या गोल्डन स्टेट वॉरियर्स ह्या बास्केटबॉल टीमचे कोच, २०१५ मध्ये पाठीचं ऑपरेशन झालं आणि तेच पाणी गळायचं कॉम्प्लिकेशन झालं, पुढच्या सीझनच्या पहिल्या ४३ मॅचेसना ते बेंचवर नव्हते. म्हणजे छोटं ऑपरेशन असलं तरी हलक्यात घ्यायचं नाही. तुमच्या सर्जनला हे प्रश्न विचारा, नीट उत्तर देतो की चिडतो त्यावरून बरंच कळतं.

आता तक्रार. डिस्चार्जच्या वेळी हातात एक कागद दिला, वाकू नका, वजन उचलू नका, कंबर पिळू नका, जास्त वेळ बसू नका. बस. सत्तर वर्षांच्या आजोबांना आणि मला तोच कागद. किती वेळ बसणं म्हणजे जास्त? मोजे कसे घालायचे? शिंक आली तर काय करायचं? चौथ्या दिवशी मला शिंक आली आणि अशी चमक गेली की वाटलं टाके तुटले, गादी परत बाहेर आली, सगळं संपलं, त्या रात्री मी कूस बदलायला पण घाबरत होते. हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला तर 'ओपीडीत दाखवा' एवढंच. रिहॅबची टीम तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होणार होती आणि मधल्या काळात मी कोणाचीच पेशंट नव्हते, असं वाटत होतं. आणि नेमके हेच सुरुवातीचे आठवडे नाजूक असतात, कारण तुकडा काढला तरी गादीच्या बाहेरच्या कड्याला जे भोक पडलेलं असतं ते सहसा शिवत नाहीत, गादीला रक्तपुरवठा जवळपास नसतोच त्यामुळे ते फार हळू भरतं, तोपर्यंत त्यातूनच परत तुकडा बाहेर यायची भीती. एवढी महत्त्वाची गोष्ट मला तिसऱ्या आठवड्यात फिजिओ मॅडमनी सांगितली. शिंकेचं पण त्यांनीच शिकवलं, एक हात भिंतीवर, गुडघे जरा वाकवायचे, पाठ सरळ, मग शिंकायचं. मोजे उताणं झोपून पाय छातीकडे न ओढता, दुसऱ्या गुडघ्यावर घोटा ठेवून. पाच मिनिटांचं काम होतं हे, पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?

रिहॅबबद्दल मात्र कितीही चांगलं लिहिलं तरी कमी आहे. पहिल्या सेशनला मॅडमना मी विचारलं, मी कधी खेळणार? त्या म्हणाल्या तारीख मी देणार नाही, टेस्ट देईन. तेव्हा राग आला होता. आमचे कोच पण विचारायचे, तीन महिने ना? म्हणजे टूर्नामेंटला आहेस ना? सगळ्यांना तारीख हवी असते.

सुरुवात फक्त चालण्याने, दहा मिनिटं दिवसातून पाच वेळा, मग वाढवत. मग पोटाचे आणि पाठीचे व्यायाम, कुशीवर कोपराच्या आधाराने अंग उचलून धरायचं तो साइड प्लँक, हातापायांवर येऊन उलट हात-पाय लांब करायचा तो बर्ड डॉग, आणि उताणं झोपून पाठ न वाकवता डोकं-खांदे थोडेसेच उचलायचे. हे तीन कॅनडाच्या स्टुअर्ट मॅगिल ह्या पाठीवर काम करणाऱ्या प्रोफेसरांचे म्हणून जगभर करतात. दिसायला इतके सोपे की मी पहिल्या दिवशी मनात म्हटलं ह्याने काय होणार, पण मॅडमनी माझ्या कमरेवर पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवली आणि म्हणाल्या आता कर बर्ड डॉग, बाटली पडता कामा नये. पडली. आठ दिवस पडत होती. मग कळलं की मी इतकी वर्षं प्रत्येक उडीत कमरेतून वाकत होते, खुब्यातून वाकणं मला येतच नव्हतं.

आणि ती टाच उचलायची टेस्ट. भिंतीवर एक पट्टी चिकटवलेली होती, टाच तिथपर्यंत पोचली तरच मोजायचं. सहाव्या आठवड्यात ९, बाराव्यात १७. पाचव्या महिन्यात मी मोजले २६ आणि मॅडम म्हणाल्या २३, तीन वेळा पट्टीला लागली नाही. २८ च्या निदान ९० टक्के म्हणजे २६ पाहिजेत, तोपर्यंत नेटजवळ ब्लॉकच्या उड्या बंद. मी खूप वाद घातला, तीनने काय फरक पडतो म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, उतरताना ते तीन कमी पडले की पाय जे झेलत नाही ते पाठ झेलते. अडीच आठवड्यांनी २६ झाले, पट्टीला लावून. दबून खराब झालेली नस परत दिवसाला साधारण एक मिलीमीटर वाढते, कमरेपासून पोटरीपर्यंतचं अंतर बघा आणि मग किती घाई करायची ते ठरवा.

मला वाटतं पैसे कुठे खर्च करायचे असतील तर अशा माणसावर करा जो तुम्हाला 'अजून नाही' म्हणू शकतो. गोल्फर टायगर वुड्सचं बघा, २०१४ च्या मार्चअखेर हेच ऑपरेशन झालं, जूनमध्ये परत खेळला, २०१५ मध्ये अजून दोन ऑपरेशन्स, मग २०१७ च्या एप्रिलमध्ये मणके जोडायचं फ्यूजन, आणि मास्टर्स जिंकला तो २०१९ च्या एप्रिलमध्ये, दोन वर्षांनी. बुमराहचं दुखणं वेगळं, फास्ट बोलर्सना होते तशी पाठीची स्ट्रेस इंज्युरी (सततच्या ताणाने मणक्याच्या हाडाला होणारी इजा), पण मार्च २०२३ ला ऑपरेशन आणि ऑगस्टमध्ये पहिली मॅच, म्हणजे त्यालाही पाच महिने लागले, आणि त्याच्याकडे तर सगळ्या सोयी. दुसऱ्याची तारीख स्वतःला लावू नका, गादी, फ्रॅक्चर, फ्यूजन ह्या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

अजून एक, मनाच्या भीतीबद्दल ह्या प्रोग्राममध्ये सुरुवातीला काहीच नव्हतं. सगळ्या टेस्ट पास झाल्यावर पण पहिल्या ब्लॉकला मी उडी अर्धीच मारली, शरीर तयार आणि डोकं नाही. मी सांगितल्यावर मॅडमनी आधी वीस सेंटिमीटरच्या बॉक्सवरून नुसतं उतरायला लावलं, डोळे समोर ठेवून, रोज तीस वेळा, मग बॉल, मग समोर ब्लॉकर. त्याने गेली भीती, पण हे आधीपासून असायला हवं होतं.

सध्या प्रॅक्टिसला उड्या मोजून, ६० झाल्या की थांबायचं, मॅचमध्ये दोन सेट. लांबच्या प्रवासात तासाला उठून चालते. पावलाची बाहेरची कड थोडी बधिर आहे, करंगळीजवळ, बूट घातला की जाणवत पण नाही. गेल्या आठवड्यात फॉलो-अपला सरांनी परत टाचेवर हातोडी मारली, डावा पाय अजूनही उडत नाही. म्हणाले हा रिफ्लेक्स कदाचित येणारच नाही, त्याने खेळायला काही अडत नाही. मग पंजांवर चालून दाखवायला सांगितलं, मी खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि परत आले.