विंडोज, मॅक आणि उबंटू एकाच टेबलावर: गिटचा कोणता क्लायंट घ्यावा?

नवीन आलेल्या पोराला "सोर्सट्री टाकून घे" म्हटलं, त्यानं लॅपटॉप उघडला, तर समोर उबंटू, म्हणजे लिनक्स. तिथंच विषय संपला. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी प्रणाली, आणि क्लायंट म्हणजे ती टर्मिनलऐवजी माउसनं चालवायचं टूल. सोर्सट्री असंच एक टूल, पण ते फक्त विंडोज आणि मॅकवर चालतं. फोर्क आणि टॉवरचंही तेच. टॉर्टॉइजगिट तर निव्वळ विंडोजचं. गिटहब डेस्कटॉपची लिनक्स आवृत्ती वर्षानुवर्षं कंपनीबाहेरच्या मंडळींनी सांभाळलेली. यूट्यूबवर ज्यांची सगळ्यात जास्त वाहवा होते, त्यातली अर्धी नावं आमच्यासाठी अशी पहिल्याच फेरीत बाद झाली.

आम्ही पाच जण. नागपुरात आयटी पार्कजवळ दोन खोल्यांचं ऑफिस, काम कळमन्याच्या अडत्यांसाठी बिलिंगचं. दोन विंडोज, एक मॅक, दोन उबंटू. त्यातल्या एका उबंटूला चारच जीबी रॅम. ज्याला जे आवडेल ते वापरू द्यावं, असं मलाही आधी वाटायचं. पण मर्ज (दोघांचे बदल एकत्र करणं) अडकला की माणूस शेजाऱ्याला हाक मारतो, आणि शेजाऱ्याला त्या स्क्रीनवर बटणच सापडत नाही. म्हणून तिन्हीकडे सारखं दिसणारं एकच टूल हवं, ही पहिली अट.

दुसरी अट एका दुपारनंतर ठरली. टीममधल्या धाकट्याला रिबेस करताना (आपले बदल दुसऱ्यांच्या ताज्या बदलांवर चढवताना) हमालीच्या दराच्या फाइलीत कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे एकाच जागी दोघांचे वेगवेगळे बदल. समोर दोन बटणं: 'लोकल' घ्या किंवा 'रिमोट' घ्या. त्यानं लोकल दाबलं आणि अर्ध्या दिवसाचं काम गायब. "दादा, लोकल म्हणजे माझंच ना?" मर्जमध्ये हो. रिबेसमध्ये उलटं! तिथं गिट आधी सर्व्हरकडच्या कमिटवर (नोंदवून ठेवलेल्या बदलावर) जाऊन उभं राहतं आणि तुमचे कमिट एकेक करून वर चढवतं. त्यामुळे तुमचंच काम 'रिमोट' ठरतं. शिवाय ते बटण फक्त भांडणाच्या दोन ओळी नाही, अख्खी फाइल बदलतं. त्याचा मूळ कमिट रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदवहीत, होता म्हणून वाचलो. कोणत्याही ब्रँचला (कामाच्या फांदीला) न जोडलेल्या नोंदीही गिट तिथं सहसा ३० दिवस ठेवतं. कमिटच केलेलं नसतं तर मात्र गेलंच होतं. टूलचं नाव सांगत नाही, कारण अशी बटणं बऱ्याच जागी आहेत.

आता उरलेली नावं.

गिटसोबतच येणारे गिट गुई आणि गिटके. टीसीएल-टीकेमध्ये लिहिलेले, दिसायला विसाव्या शतकातले, पण फुकट आणि हलके. इतिहास पाहायला गिटके आजही मला पुरतं. गिट गुईत फरकातल्या ओळीवर उजवं क्लिक करून तेवढीच एक ओळ स्टेज करता येते (पुढच्या कमिटसाठी निवडता येते), हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. डिबगसाठी घातलेली प्रिंटची ओळ मागे ठेवून बाकीचं कमिट करायचं, तर हे सोनं आहे. विंडोजवर मराठी मजकुराच्या जागी कचरा दिसला तर त्याच्या ऑप्शन्समध्ये फाइलीचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. कॉन्फ्लिक्ट सोडवायला मात्र बाहेरचं टूल लावावं लागतं.

गिट कोला त्याच घरातला शहाणा भाऊ. पायथन आणि क्यूटीवर चालतो, मुक्त सॉफ्टवेअर आहे. स्टेजिंग आणि कमिट झकास. कॉन्फ्लिक्टसाठी हाही मेल्ड किंवा केडिफ३ उघडतो. म्हणजे प्रत्येक मशीनवर दोन गोष्टी बसवा आणि एकमेकांशी जोडा. एक पैसाही खर्च करायचा नसेल तर हीच जोडी घ्या.

स्मार्टगिट जावावर आहे, तिन्हीकडे चालतं, आणि कॉन्फ्लिक्टसाठी स्वतःची तीन खणांची खिडकी आहे. ताकद भरपूर, मेनूही तेवढेच लांब. धंद्याच्या कामाला परवाना विकत घ्यावा लागतो. गिट मुरलेल्या माणसाला आवडेल. नवख्याला पाहूनच घाम फुटतो.

गिटक्रॅकन दिसायला सगळ्यात देखणं. रंगीत ब्रँचांचा आलेख पाहून मर्ज म्हणजे काय ते पोरांना पहिल्याच दिवशी कळतं, आणि चुकून केलेला कमिट किंवा उडवलेली ब्रँच परत आणायला अनडूचं बटणच आहे. शिकवायला यासारखं दुसरं नाही. पण ते इलेक्ट्रॉनवर आहे, म्हणजे आत आख्खा ब्राउझर बसलेला. चार जीबीच्या लॅपटॉपवर मे महिन्यात ते उघडलं की आतला पंखा खिडकीतल्या कूलरशी स्पर्धा करतो. दुसरं म्हणजे, सर्व्हरवरच्या खासगी रिपॉझिटरीसाठी (गिटनं सांभाळलेल्या कोडच्या फोल्डरसाठी) माणशी वर्गणी. पाच जणांची दर वर्षीची वर्गणी आमच्या हिशेबात बसली नाही.

सब्लाइम मर्ज २०१८ साली आलं, सिडनीच्या सब्लाइम एचक्यूचं. त्याच चार जीबीच्या उबंटूवर ते क्लिक करताच उघडतं, आणि हजारो कमिटचा इतिहास सरकवताना अडखळत नाही. हव्या त्या ओळी निवडा, स्टेज करा. कॉन्फ्लिक्टमध्ये दोन्ही बाजू डावी-उजवीकडे आणि मधे निकाल, जो हातानं लिहिताही येतो. त्या हमालीच्या फाइलीत आम्हाला हेच हवं होतं: एकाचा नवा दर, दुसऱ्यानं बदललेलं एकक, दोन्ही ठेवायचं होतं. प्रत्येक बटणाखाली गिटची कोणती आज्ञा चालते तेही दिसतं, त्यामुळे पोरं टर्मिनलला घाबरेनाशी होतात. वैयक्तिक परवाना ९९ डॉलरचा, त्यात ३ वर्षांचे अपडेट, आणि एकच परवाना तुमच्या सगळ्या मशीनवर चालतो. चाचणीला मुदत नाही, फक्त गडद थीम पैसे भरल्यावर. (आमच्या मॅकवालीचा पहिला आक्षेप तोच होता.) पुल रिक्वेस्ट ('माझे बदल मूळ कोडमध्ये घ्या' ही विनंती) पाहायला मात्र ब्राउझरच उघडतो आम्ही.

कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड आधीच उघडा असतो, मग वेगळं टूल कशाला, हा प्रश्न रास्त आहे. एकट्यानं काम करत असाल तर नकोच. २०२२ पासून त्यात तीन खणांचा मर्ज एडिटरही आहे.

कोणतंही घ्या, फाइलींची नावं मराठीत असतील तर टर्मिनलमध्ये 'हमाली'च्या जागी ३४०, २४४ असे आकडे दिसतात. घाबरू नका, फाइल खराब झालेली नसते. गिटच्या कॉन्फिगमधलं (सेटिंगमधलं) कोटपाथ (core.quotepath) फॉल्स करा.

आमच्याकडे तिघांनी सब्लाइम मर्जचे परवाने घेतले, दोघांची चाचणी सुरू आहे, आणि गिटके सगळ्यांकडे आहेच. तुम्ही निवडण्याआधी एक खोटी रिपॉझिटरी करा, दोघांनी एकाच ओळीत वेगवेगळं लिहा, आणि टीममधल्या सगळ्यात नवख्याला ते भांडण रिबेस करत सोडवायला बसवा. तुम्ही मागे उभे राहा, पण माउसला हात लावू नका.