रस्ट कन्व्हर्टर, सोळा महिने आणि दाराखालचं भोक

मागच्या श्रावणात पिकअपचं ड्रायव्हरकडचं दार पुसताना खालच्या किनारीला वाटाण्याएवढा फुगा दिसला. नखाने टोकरला तर नखच आत गेलं आणि पाठोपाठ चमचाभर तांबडं पाणी आलं. याच दाराला मी मार्चमध्ये रस्ट कन्व्हर्टरचे, म्हणजे गंजावर लावायच्या औषधाचे, दोन हात, वर प्रायमर, वर रंग असा सगळा सोपस्कार केला होता. तेव्हा बाटलीचं इतकं कौतुक केलं की दोन मित्रांनी माझ्या भरवशावर ती घेतली. त्यांची आधी माफी मागतो.

गाडी १९९८ची, डिझेल. आधीच्या मालकाने रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरून मासळी वाहिली, म्हणजे हौद्यात वर्षानुवर्षं बर्फाचं खारं पाणी. हौदा सडलेला असणार हे धरूनच घेतली होती. दार मात्र मनाला लागलं.

बाटली अर्ध्या लिटरची, ६४० रुपये. आत दुधासारखं पांढरं. गंजावर लावलं की अर्ध्या तासात काळंभोर. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तोच प्रकार, दोन्हीकडे टॅनिनच. ते गंजाला धरतं. चकचकीत पत्र्यावर धरायला काही नसतं, तिथे नुसता चिकटा राहतो. म्हणून ग्राइंडरने पत्रा आरशासारखा करून मग हे लावण्यात अर्थ नाही. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढायचे, घट्ट बसलेला गंज ठेवायचा. मी एका कोपऱ्यात उत्साहाने जास्तच घासलं, तो कोपरा आठवडाभर हाताला चिकटत होता.

तर फुगा फुटला त्या दिवशी मी बाटलीला मनसोक्त शिव्या घातल्या. ६४० रुपये पाण्यात. पावसाळाभर भोकाला चिकटपट्टी लावून फिरलो आणि दिवाळीआधी दार मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी आतलं पॅड काढलं, बॅटरी मारली आणि म्हणाले, "या, बघा तुमची शेती."

आत ओंजळभर ओला चिखल. जांभ्याची धूळ आणि आंब्याचा पालापाचोळा, कारण गाडी कलमाखाली उभी असते. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतंच, ते कुठल्याच गाडीत पूर्ण थांबत नाही. ते खाली जायला दाराच्या तळाला भोकं असतात. माझ्या दाराला तीन. दोन मातीने बुजलेली. तिसरं लांबीने, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीने.

"हे कोणी भरलं?"

मी भरलं होतं. गंजाने पडलेलं भोक समजून, वर पॉलिश पेपर मारून, बोट फिरवून सफाईवर खूश होऊन. पत्रा बाहेरून काळा, सुंदर, आणि आतून चार महिने पाण्यात. बाटलीचा बिचारीचा काय दोष? ती ब्रश पोचेल तिथेच काम करणार. शिव्या परत घेतो.

मिस्त्रींनी हातभर पट्टी कापून २० गेजचा नवा पत्रा बसवला. सीओटू वेल्डिंग, एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ देत. सलग ओढलं असतं तर एवढा पातळ पत्रा पापडासारखा वाकला असता. सुरू करण्याआधी त्यांनी गाडीच्या बॅटरीची वायर स्वतः काढली, हे बघून बरं वाटलं. २,८०० रुपये. हाच खर्च टाळायला बाटली घेतली होती, हे घरी सांगितलेलं नाही.

हौद्याची गोष्ट वेगळी. डावी बाजू मी प्रेशरच्या गोड्या पाण्याने दोनदा धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली, मग कन्व्हर्टर लावलं. उजवीकडे यायच्या आत टाकीतलं पाणी संपलं. आळस केला, नुसतं खरवडून लावलं. डावी बाजू आजही शाबूत. उजवीकडे पहिल्याच पावसात पुटकुळ्या. काळं झालं तरी खालचं मीठ कुठे जातं? ते ओल ओढत राहतं. बाटलीवर "सुटा गंज काढा" एवढंच लिहिलंय, धुवायचं नावही नाही. ही तक्रार मात्र मागे घेणार नाही.

जुनी गाडी घ्यायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे.

आता दुसरा पावसाळा निम्मा झाला. दाराच्या आत मिस्त्रींनी सांगितलं म्हणून ऑइल फवारलंय. वास येतो, बायको नाक मुरडते, पण फुगा नाही. रंगाची छटा जुळली नाही, तिकडे मी बघत नाही. उरलेली पाव बाटली फाळक्याच्या बिजागऱ्यांना वापरतोय, संपली की पुन्हा घेईन. सायकलची एक तार कायम डॅशबोर्डवर असते, दर रविवारी तिन्ही भोकं टोकरतो. परवा डिझेलच्या रांगेत शेजारच्या टेम्पोचीही टोकरून दिली. त्याने सांगितलं नव्हतं.