दोन थरांचं दुपटं: पाडव्यापासून आजपर्यंत

रात्री घामाने भिजून जाग येते त्या बायकांसाठी हे लिहितेय. मी 51 वर्षांची, सांगलीत एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. दोन वर्षं पाळी पुढेमागे होत होती, गेल्या गणपतीनंतर आलीच नाही. दिवसाच्या वाफा, म्हणजे अंगातून अचानक उठणाऱ्या गरम लाटा, निभावतात, पंख्याखालची खुर्ची मी मागून घेतलीय. रात्रीचं मात्र काही केल्या जमत नव्हतं. दीड-दोनच्या सुमाराला छातीतून जाळ वर चढायचा, उशी ओली, गाऊन पाठीला चिकटलेला. पांघरूण झिडकारायचं, आणि पाच-सात मिनिटांत हुडहुडी भरली की तेच ओढायचं, तर ते ओलं गार. असं रात्रीतून तीनदा, चारदा. सकाळी नोटा मोजताना हात चुकायला लागला तेव्हा मी हे मनावर घेतलं.

आधी चूक केली. एका दुकानातून 1,450 रुपयांचं एसी कम्फर्टर आणलं. हाताला मऊ, वजनाला हलकं, दुकानदार म्हणाला, एकदम गार राहतं. पहिल्याच रात्री त्याच्याखाली मी उकडून निघाले. इचलकरंजीत टेक्स्टाइल शिकणारा माझा भाचा सुट्टीत आला होता. त्याने कोपऱ्यातली चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, “मावशी, हे मायक्रोफायबर म्हणजे पॉलिस्टरच गं.” सूत हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या 7-8 टक्के धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, असं त्याने सांगितलं. म्हणजे माझा घाम जाणार कुठे? तो माझ्याच अंगावर.

उरलेलं कोडं डॉक्टरांनी सोडवलं. पहिल्या डॉक्टरांनी “या वयात सगळ्यांनाच होतं, सोसा” म्हणून परत पाठवलं होतं, त्याचा राग अजून गेलेला नाही. मग एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी आधी रक्तदाब बघितला, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं आणि नंतर कागदावर एक पट्टी काढून दाखवली. आतलं तापमान थोडं वर-खाली झालं तरी शरीर एरवी चालवून घेतं. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन उतरलं की ज्यांना वाफा येतात त्यांच्यात ही मोकळीक जवळपास राहतच नाही. जरा ऊब वाढली की मेंदू सगळी दारं उघडतो, घाम सोडतो, आणि अंग गरजेपेक्षा जास्त थंड पडलं की कापरं भरतं. म्हणून पांघरूण नुसतं पातळ असून भागत नाही. झोपेत एका हाताने सारता आलं पाहिजे, आणि परत ओढताना ते ओलं लागता कामा नये.

यातूनच मला आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या गोधडीवाल्या मावशी आठवल्या. त्या जोंधळ्याच्या पोत्याएवढ्या जाड वाकळा शिवतात. मी आईच्या ट्रंकेतली इचलकरंजीची दोन सुती पातळं घेऊन गेले आणि म्हटलं, आत काही भरायचं नाही, नुसते दोन थर. त्या म्हणाल्या, “दुपटं तान्ह्या लेकराचं असतंय, तुमच्या मापाचं कोण शिवतंय?” पण शिवलं.

पहिलं दुपटं एकाच पातळाचं. साडी मधोमध दुमडली की दोन थर होतात, लांबी पावणेतीन मीटर. मावशींच्या सवयीचा धावदोरा दोन-दोन बोटांवर. तेवढा दाट टाका घातला की मऊ पातळसुद्धा ताठर होतं, हे हातात आल्यावर कळलं. मी एकाआड एक ओळ उसवली. आता टाके चार बोटांवर आहेत आणि कापड अंगावर पडल्यावर अंगासारखं वळतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, 540 ग्रॅम. शिलाई 300 रुपये.

फरक किती पडला ते अंदाजाने सांगत नाही. कालनिर्णयच्या चौकटीत मी रोज सकाळी रेघा मारते, जितक्या वेळा जाग तितक्या रेघा. दुपट्याने रेघा कमी झाल्या नाहीत. पहिल्या महिन्यात तीन-चारच होत्या, आधीसारख्या. पण आधी प्रत्येक जागेनंतर मी पाऊण तास छताकडे बघत पडायचे, ती आता दहा मिनिटांत परत झोपते. घाम कापडात जिरतो, दुपटं पायाशी ढकललं की पंख्याखाली तेवढ्यात सुकायला लागतं, आणि थंडी वाजली की कोरडी बाजू वर घेता येते. दोन थरांचा खरा उपयोग इथे आहे. वरचा थर बऱ्याचदा कोरडाच राहतो.

रेघा कमी झाल्या त्या जूनपासून, गोळीमुळे. माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झालेला, म्हणून वाफांवर देतात त्या हार्मोनच्या औषधाला मी घाबरत होते. डॉक्टर म्हणाल्या, बहिणीला झाला एवढ्यावरून तुम्हाला दार बंद होत नाही. 2002 साली अमेरिकेतल्या या औषधावरच्या मोठ्या अभ्यासाच्या बातम्यांनी सगळ्या जगात धास्ती बसली, पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून 10 वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त असतो. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच. हे सगळं ऐकून घेतलं आणि तूर्त बिनहार्मोनची, कमी मात्रेची गोळी निवडली, रात्री एक. आता रेघा दोनावर आल्यात, कधी एक. तेव्हा दुपट्याला औषध समजून कुणी डॉक्टरकडे जायचं टाळू नका. आणि 12 महिने पाळी न आल्यावर परत थेंबभर जरी रक्त दिसलं तरी वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं. हे मला त्यांनी दोनदा बजावलं, मी तुम्हाला एकदा तरी सांगते.

आता दुपट्याच्या तक्रारी. पन्हा 45 इंचांचा, तो एका माणसाला कमी पडतो. कूस बदलली की पाठ उघडी. म्हणून दुसरं दुपटं दीड पातळाचं करून घेतलं, अर्ध्या पन्ह्याची पट्टी बाजूला जोडून, 450 रुपये. रुंदी पुरली, पण जोडाची शिवण नेमकी छातीवर येते आणि घामेजल्या अंगाला ती खरखरीत लागते. लाल काठाचा रंग पहिल्या दोन धुण्यांत उतरला, गाऊन गुलाबी झाला. आठ दिवसांचं सांगून अकरा दिवस लागले. पावसाळ्यात एक दुपटं दोन दिवस वाळत नाही, सांगलीचा जुलै तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे दोन हवीतच. आणि नवं कापड आणू नका. नवी सुती साडी खळीने ताठ असते, शंभर धुण्यांनी आलेला मऊपणा पैसे देऊन मिळत नाही. कडेला एखादी जरीची रेघ असेल तर तीही काढून टाका, मानेला टोचते.

पातळं आईची, हे मी वर सांगितलंच. पहिल्या रात्री ते अंगावर घेतलं आणि एक गोष्ट लख्ख दिसली. मी कॉलेजात असताना आई रात्री गादी सोडून सोप्यातल्या शहाबादी फरशीवर येऊन निजायची, पदर बाजूला टाकून, दंड फरशीला लावून. आम्ही म्हणायचो, आईला उकडतं. तेव्हा ती अठ्ठेचाळीस-पन्नासची असणार. थंडीतसुद्धा निजायची ती तिथे. आम्हा चौघांपैकी एकानेही तिला विचारलं नाही की काय होतंय. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत (2015) असं दिसलं होतं, की वारंवार वाफा येणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांना त्या 7 वर्षांहून जास्त काळ येतात. आईची तेवढी वर्षं त्या फरशीवर गेली.

थोरल्या बहिणीला तिच्या कर्करोगानंतरच्या गोळीमुळे माझ्याहून जास्त वाफा येतात, आणि तिला हार्मोन चालत नाही. ट्रंकेत आईची दोन पातळं उरली होती, एक हिरवं, एक बिस्किटी. कालच मावशींकडे देऊन आले. मधे हिरव्याचा अख्खा पन्हा, दोन्ही कडांना बिस्किटीचा पाव-पाव, म्हणजे शिवण छातीवर येणार नाही. टाके चार बोटांवर. आधी दोनदा मिठाच्या पाण्यात भिजवून काठाचा रंग बघितलाय. मावशी म्हणाल्या, गणपतीआधी देते.