नव्या कुटुंबांसाठी 'सोबती' व्यवस्था: शैक्षणिक वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

खासगी शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही वापरत असलेल्या व्यवस्थेचे चार भाग आहेत: सोबती कुटुंब, सोबती विद्यार्थी, दर आठवड्याची मनःस्थितीची नोंद आणि समुपदेशकाकडे थेट जाण्याची सोय. दोन्ही सत्रं ही व्यवस्था चालवल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगता येते. सगळा जोर पहिल्या दिवसावर खर्च करू नका, चौथ्या ते आठव्या आठवड्यासाठी राखून ठेवा. पहिल्या दिवशी सगळेच नव्या मुलाची विचारपूस करतात. महिन्याभरात ते कौतुक ओसरतं आणि वर्गातले गट आधीच जमलेले आहेत हे मुलाला तेव्हाच कळायला लागतं. पालकांचंही तसंच. सुरुवातीचे प्रश्न गणवेश, बस, वेळापत्रक असे असतात आणि त्यांना उत्तरं मिळतात. 'घरी शाळेबद्दल काहीच बोलत नाही' हा प्रश्न मात्र नंतर येतो, आणि तो कुणाला विचारायचा हे बहुतेकांना माहीत नसतं.

सोबती कुटुंबाची निवड हा सगळ्यात नाजूक भाग. ज्यांचं मूल त्याच इयत्तेत आहे आणि ज्यांना शाळेत किमान एक पूर्ण वर्ष झालंय, अशीच कुटुंबं घ्यावीत. पालक समितीतले सर्वात उत्साही लोक या कामाला नेहमीच योग्य ठरतात असं नाही. त्यांच्याकडे आधीच दहा कामं असतात आणि शाळेची बाजू मांडायची त्यांना सवय असते. नव्या पालकाला मात्र 'पहिल्या चाचणीला मार्क कमी पडतात, घाबरू नका' असं मोकळेपणी सांगणारं कुणीतरी हवं असतं. एका कुटुंबाकडे दोनपेक्षा जास्त नवी कुटुंबं देऊ नयेत. जोडी लावताना घरची भाषा आणि येण्याजाण्याचा रस्ता हे दोन निकष सर्वात जास्त उपयोगी पडले. मुलांच्या आवडीनिवडी जुळवण्यात जितका वेळ जातो, तितका फायदा मात्र दिसला नाही.

पहिला फोन शाळा सुरू होण्याच्या साधारण दोन आठवडे आधी व्हायला हवा. त्याआधी केला तर विसरला जातो आणि अगदी आदल्या दिवशी केला तर पालक गडबडीत असतात. दुसरा फोन पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि तिसरा सहाव्या आठवड्यात. हा तिसरा फोनच सर्वात जास्त वेळा राहून जातो, कारण तोवर सगळं सुरळीत चाललंय असं सोबती कुटुंब गृहीत धरतं. म्हणून तिसऱ्या फोनची तारीख शाळेनेच ठरवून द्यावी आणि फोन झाला की ऑफिसला एका ओळीत कळवायला सांगावं. भेटीगाठी शाळेच्या आवारातच ठेवाव्यात. हॉटेलात किंवा कुणाच्या घरी भेटायचं ठरलं की खर्चाचा आणि परतफेडीच्या आमंत्रणाचा दबाव येतो. शिष्यवृत्तीवर आलेल्या कुटुंबांना तो जास्त जाणवतो आणि ती हळूच बाजूला होतात. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये परस्पर नंबर टाकणंही टाळावं. आधी विचारावं आणि ग्रुपमध्ये काय चालतं ते सांगावं.

सोबती विद्यार्थी एक न ठेवता दोन ठेवावेत. एक गैरहजर राहिला की नवं मूल मधल्या सुट्टीत एकटं पडतं, आणि तो दिवस त्याच्या मनात राहतो. निवड वर्गशिक्षकांनी करावी, आणि ती नेहमीच्या हुशार मुलांपुरती नसावी. ज्याच्याभोवती पक्का, बंद गट नाही असं स्थिर स्वभावाचं मूल चांगलं. त्यांना पाऊण तासाचं प्रशिक्षण पुरतं: स्वच्छतागृह कुठे, डबा कुठे खातात, घंटेनंतर कुठे जायचं, आणि कोणत्या तीन गोष्टी लगेच मोठ्यांना सांगायच्या. त्या तीन अशा: स्वतःला इजा करण्याबद्दलचं बोलणं, कुणी त्रास देत किंवा मारत असल्याचं कळणं, आणि घरी जायची भीती वाटते असं सांगणं. 'ही चुगली नाही' हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं, नाहीतर मैत्री टिकवण्यासाठी ती गप्प राहतात. दोन आठवड्यांनी ही जबाबदारी औपचारिकपणे संपवावी. ती लांबवली की सोबत्याला ओझं वाटतं आणि नव्या मुलालाही ते जाणवतं.

आता आठवड्याच्या नोंदीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. आधी वार. सोमवारी नोंदीत सुट्टीचाच मूड दिसतो आणि शुक्रवारी काही सापडलं तरी हाती दिवस उरत नाही. बुधवारी दुपारी घेतलेली नोंद सर्वात खरी येते आणि त्यावर काम करायला दोन दिवस मिळतात. प्रश्न तीनच ठेवावेत. 'तू खूश आहेस का?' असं विचारलं तर जवळजवळ सगळी मुलं 'हो' म्हणतात. त्याऐवजी 'काल मधल्या सुट्टीत तू कुणासोबत होतास?' असं विचारावं. इथे मुलाला नाव लिहावं लागतं. सलग दोन आठवडे उत्तर 'कुणीच नाही', 'लायब्ररीत' किंवा नुसतंच रिकामं आलं, तर बोलायची वेळ झाली असं समजावं. दुसरा प्रश्न झोपेचा आणि तिसरा 'कुणाशी बोलायचंय का' हा, ज्याला फक्त हो किंवा नाही अशी खूण करायची. लहान वर्गांसाठी चेहऱ्यांची चित्रं असलेला कागद चांगला चालतो. पाचवीच्या पुढे मोबाइलवरचा किंवा टॅबवरचा फॉर्म चालेल, पण शेजारच्याला स्क्रीन दिसणार नाही अशी बसण्याची रचना हवी.

हा कागद कोण वाचणार हे मुलांना आधीच सांगितलं पाहिजे. 'हो' अशी खूण केलेल्या मुलाकडे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणीतरी गेलंच पाहिजे. इथे हयगय झाली की मुलं सरळ 'बरं आहे' लिहायला लागतात आणि मग नोंद फक्त कागदावर उरते. जेवढे कागद त्याच दिवशी वाचता येतील तेवढ्याच वर्गांत नोंद सुरू करावी.

सत्रातून एकदा जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक स्वास्थ्य तपासणारी पाच प्रश्नांची डब्ल्यूएचओ-५ प्रश्नावली वापरली, साधारण ९ वर्षांपुढच्या मुलांसाठी. मागच्या दोन आठवड्यांबद्दलची पाच विधानं, प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं की १०० पैकी आकडा मिळतो. ५० किंवा त्याखाली आकडा आला तर मुलाशी निवांत बोलावं. हे निदान नाही, हे शिक्षकांना वारंवार सांगावं लागतं. एसडीक्यूबाबत (स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर, म्हणजे मुलाच्या वागण्यातली बलस्थानं आणि अडचणी पाहणारी प्रश्नावली) मात्र सावध राहावं. ही २५ विधानांची प्रश्नावली आहे, पाच-पाच विधानांचे पाच गट, ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये मांडलेली. तिच्यात मागच्या सहा महिन्यांचं किंवा चालू शैक्षणिक वर्षाचं वर्तन विचारलेलं असतं. मुलाला जेमतेम पंधरा दिवस ओळखणाऱ्या शिक्षकाने ती भरली तर येणारा आकडा भरवशाचा नसतो. नव्या मुलांसाठी सुरुवातीला पालकांचा फॉर्म आणि ११ वर्षांपुढे मुलाचा स्वतःचा फॉर्म घ्यावा. शिक्षकांचा फॉर्म दुसऱ्या सत्रात.

आजारी खोलीची वही हे या व्यवस्थेतलं सर्वात दुर्लक्षित साधन. बहुतेक शाळांत तिथे नाव आणि तक्रार लिहितात: 'पोटदुखी, पाणी दिलं, वर्गात पाठवलं.' त्यात दोन रकाने वाढवावेत, एक तास कोणता चालू होता त्याचा आणि दुसरा पुढचा तास कोणता त्याचा. मग चित्र दिसायला लागतं. एखादं मूल दर मंगळवारी आणि गुरुवारी तिसऱ्या तासाला पोट दुखतं म्हणून येतं, आणि पुढचा तास खेळाचा असतो, जिथे दोन कप्तान एकेक करून खेळाडू निवडतात आणि नवं मूल शेवटी उरतं. उपाय औषधाचा नसतो. खेळाच्या शिक्षकांनी गट आधीच पाडून आणले की दुखणं बऱ्याचदा थांबतं. पण नेहमी तसंच असतं असं धरून चालू नये. पोटदुखी खरी नाही हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय शाळेने ठरवू नये.

समुपदेशकाबाबत अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशनची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे १ अशी आहे. बहुतेक शाळा त्याच्या जवळपासही जात नाहीत आणि ते समजण्यासारखं आहे. न समजण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याच व्यक्तीला प्रवेशाच्या मुलाखतीलाही बसवणं. जिने आपल्याला पारखलं तिच्याकडे पालक आणि मूल मन मोकळं करत नाहीत. खोलीसुद्धा मुख्याध्यापकांच्या दारासमोर नको. लायब्ररीच्या बाजूला असली की मुलं ये-जा करताना कुणाच्या नजरेत येत नाहीत.

माहिती दडवली जाण्याचा प्रश्न गंभीर आहे. अध्ययन अक्षमता, आधीच्या शाळेतला त्रास, चालू औषधं या गोष्टी प्रवेश नाकारला जाईल या भीतीने अनेक पालक अर्जात लिहीत नाहीत. म्हणून प्रवेश पक्का झाल्यानंतर वेगळा फॉर्म द्यावा. 'या माहितीमुळे प्रवेश रद्द होणार नाही' असं त्यावर छापावं आणि तो प्रवेश विभागाकडे न जाता समुपदेशकाकडे जावा. त्याच फॉर्मवर 'आई' आणि 'वडील' या दोनच जागा न ठेवता 'मुलाची काळजी घेणाऱ्या व्यक्ती' असा रकाना असावा. आजी-आजोबांकडे किंवा एकाच पालकाकडे वाढणाऱ्या मुलाच्या घरच्यांना पहिल्याच कागदावर रिकामी चौकट सोडावी लागू नये.

व्यवस्थेचा कच्चा दुवा म्हणजे मधेच आलेली मुलं. सत्राच्या सुरुवातीला सगळं सज्ज असतं. तिसऱ्या महिन्यात आलेल्या मुलाला मात्र गणवेश नाही, लॉगिन नाही, पुस्तकं अर्धीच, आणि शिक्षक अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या घाईत. यासाठी ऑफिसमध्ये दोन-तीन तयार पाकिटं ठेवावीत: एका पानावर कोणत्या कामाला कुणाला फोन करायचा ते, वर्गाचं वेळापत्रक, शाळेचा नकाशा, तात्पुरतं ओळखपत्र. चाळीस पानी माहितीपुस्तिका कुणी वाचत नाही, हे एक पान मात्र पालक जपून ठेवतात. गणवेश येईपर्यंत साध्या कपड्यांची लेखी परवानगी वर्गशिक्षकांच्या हातात असावी, नाहीतर प्रत्येक तासाला मुलाला खुलासा करावा लागतो.

मनुष्यबळ कमी असेल तर सोबती कुटुंबांची मोठी योजना नंतर आखा. आधी आजारी खोलीच्या वहीत दोन रकाने वाढवा आणि एका माणसाकडे सहाव्या आठवड्याच्या फोनची जबाबदारी नावानिशी सोपवा. त्या माणसाला त्यासाठी आठवड्याचे दोन तास मोकळे मिळाले नाहीत, तर हे फोन होणार नाहीत.