हेडलाइटच्या वायरिंगमधला दोष: टेस्ट लॅम्प, मल्टीमीटर की वायरमन?

नवा बल्ब घातला तरी हेडलाइट लागत नाही, किंवा लागला तरी मिणमिणतो, तेव्हा दोष वायरिंगमध्ये शोधावा लागतो. दिवा साफ बंद असेल तर टेस्ट लॅम्प हाती घ्या. मंद किंवा लुकलुकता असेल तर मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजणारा मीटर. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वायरमनकडे गाडी केव्हा न्यायची, ते पुढे येते.

हत्यार कोणतेही असो, आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज असतो. दोन्ही दिवे एकदम गेले असतील तर संशय रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्याचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) किंवा स्विचवर. त्याच नंबरचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, अदलाबदल करून बघितला की तेवढ्यात कळते.

टेस्ट लॅम्प म्हणजे १२ व्होल्टचा छोटा बल्ब, एका टोकाला क्लिप आणि दुसऱ्याला सुई. क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, हेडलाइट चालू करा आणि होल्डरच्या पिनांना सुई टेकवा. एच४ (दोन्ही झोत एकाच बल्बात असलेला हॅलोजन) बल्बच्या होल्डरला तीन पिना असतात: डिपर (खालचा झोत), अप्पर (वरचा झोत) आणि अर्थ. डिपरच्या पिनेवर लॅम्प लागला म्हणजे तिथवर करंट येतोय. मग क्लिप पॉझिटिव्हला लावून अर्थची पिन तपासा. तिथेही तेवढाच प्रखर लागला पाहिजे. काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि सामाईक पिन पॉझिटिव्ह असते, म्हणून त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम आधी बघून घ्यावा.

बंद दिव्यासाठी मीटरपेक्षा लॅम्प बरा, याचे कारण साधे आहे. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, पण ५५ वॅटच्या बल्बला साडेचार अँपिअरच्या वर करंट लागतो आणि तो त्या एका तारेतून मिळत नाही. मीटरचा कंटिन्युइटी बझर, म्हणजे वायर अखंड असली की वाजणारा बझर, तोही तसाच फसवतो. ५ वॅटचा लॅम्पसुद्धा कधीकधी चकतो; इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरला जोडून केलेला लॅम्प जास्त भरवशाचा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर हेडलाइटचा कपलर (बल्बला वायरी जोडणारा प्लग) काढून ठेवा, फ्यूजच्या जागी हाच २१ वॅटचा लॅम्प जोडा आणि स्विच चालू करा. लॅम्प पेटला म्हणजे शॉर्ट आहे. आता हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, ठिकठिकाणी हलवत जा. जिथे लॅम्प विझतो तिथेच वायर घासली आहे. जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नका. वायर पेटते.

मंद दिव्याला मात्र मीटरशिवाय इलाज नाही. बल्ब जागेवर, हेडलाइट चालू, इंजिन चालू, मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार कपलरच्या मागून अर्थच्या पिनेला. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ गंजलाय, बॉडीवरचा बोल्ट काढून पत्रा घासून काढा. मग लाल बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी डिपरच्या पिनेला. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर गेले की फ्यूज, रिले, स्विच असे एकेक टप्प्यावर मोजत चला. आकडा जिथे एकदम उडी मारतो तो सांधा खराब. हॅलोजनचे व्होल्टेज दहा टक्के घटले तर उजेड जवळपास तीस टक्के घटतो. गळीत हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तेव्हा हा तीस टक्के उजेड जीव वाचवणारा असतो. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्टेज मोजायला जाऊ नका, थेट शॉर्ट होतो.

गगनबावडा, राधानगरीकडच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीत पाणी होल्डरच्या मागून शिरते आणि पिनांवर हिरवा थर धरतो. एवढेच असेल तर काम घरी होते. पण २०१९ किंवा २०२१च्या पुरात उभी राहिलेली गाडी असेल तर मोजमापात वेळ घालवू नका. गंज इन्सुलेशनच्या आत सरकतो, तांबे काळे पडते आणि आज दुरुस्त केलेला सांधा सोडून उद्या दुसरा जातो. तिथे हार्नेसचा तो भागच बदलावा लागतो, तो वायरमनकडूनच करून घ्या.

एलईडी हेडलाइट किंवा कॉम्प्युटरवरून चालणारे दिवे असतील तरीही त्याच्याकडेच. तिथे टेस्ट लॅम्प टेकवला तर दिवे चालवणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जळू शकते, आणि करंट तुटक ठोक्यांनी सोडला जात असेल तर साधा मीटर फक्त सरासरी दाखवतो. वॉरंटीतल्या गाडीची वायर स्वतः कापू नका.

वायरमनकडे जाताना कोणत्या पिनेवर किती व्होल्ट आले ते कागदावर लिहून न्या, आणि वितळलेला होल्डर असेल तर तोही दाखवा. १००/९० वॅटचे (अप्पर/डिपर) बल्ब घातले असतील तर ते आधीच सांगा. मूळ होल्डर बहुधा त्यांनीच वितळवलेला असतो, आणि नुसता सिरॅमिक होल्डर बसवून मूळ वायरीवरचा भार कमी होत नाही. एक तर मूळचे ६०/५५ वॅटचे बल्ब परत लावा, नाहीतर जाड वायर आणि वेगळा रिले टाकून घ्या.