सोळा महिने, एक रजिस्टर आणि डोक्याच्या दुखापतीचा दावा

हा अनुभव एका दोनशे पानी फुलस्केप रजिस्टरचा आहे. जाड पुठ्ठा, शिवलेली बांधणी, आखलेली पानं. भाऊजींनी ते राजवाड्याजवळून आणून दिलं तेव्हा मला वाटलं होतं की औषधांचा हिशेब लिहायला बरं पडेल. आज ते प्रदर्श पी-१४ म्हणून, म्हणजे पुरावा म्हणून, इंदूरच्या मोटर दुर्घटना दावा अधिकरणाच्या फाईलमध्ये आहे. आमच्या दाव्यात सगळ्यात जास्त काम कशाने केलं असं कुणी विचारलं तर मी ह्या रजिस्टरचंच नाव घेईन.

ऑगस्ट २०२४ मध्ये सियागंजातून रामबागेत घरी येताना, उलट्या बाजूने आलेल्या लोडिंग गाडीने ह्यांच्या स्कूटरला उडवलं. हेल्मेट होतं म्हणून जीव वाचला. ऑपरेशन लागलं नाही. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात रक्ताळलेली सूज आणि एका बाजूला रक्ताचा पातळ थर दिसला. दाखल करताना ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे माणूस किती शुद्धीवर आहे त्याचं माप, १५ पैकी ११ होता. ९ ते १२ म्हणजे मध्यम दुखापत. नऊ दिवसांनी घरी सोडलं, आणि कार्डावर लिहून दिलं की रुग्ण शुद्धीवर आहे, स्थिर आहे, चालतो-फिरतो. त्या एका ओळीवर विमा कंपनीचा वकील आजवर उभा आहे.

आमच्या वकीलताईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "ताई, हात-पाय मोडला तर पुरावा हॉस्पिटलात असतो. डोक्याच्या केसमध्ये पुरावा घरात असतो. रोज लिहा. काय झालं, किती वाजता, कोणी पाहिलं. तुम्हाला काय वाटलं ते लिहू नका." हे शेवटचं वाक्य मला पाळायला सगळ्यात जड गेलं. सुरुवातीची दहा-बारा पानं माझ्या रडण्याची आहेत आणि कोर्टात त्यांचा काहीही उपयोग झाला नाही. त्यानंतरची पानं अशी आहेत: "सकाळी ७.१०. दुधाचं पातेलं जळालं. हे ओट्यापासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले. धूर मी पाहिला. शेजारच्या काकू आल्या."

अशी पातेली महिन्याभरात तीन जळाली. मला वाटत होतं की हे विसरतात. पुढच्या तपासणीला मी तिन्ही नोंदी डॉक्टरांना वाचून दाखवल्या. त्यांनी ह्यांनाच विचारलं, "जळल्याचा वास आला नाही?" हे गप्प बसले. मग म्हणाले, "कशाचाच येत नाही." हिंगाची फोडणी नाही, उदबत्ती नाही, पावसात भिजलेली माती नाही. दोन महिने त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. डोक्याच्या पुढच्या भागाला जोराचा हिसका बसला की नाकाच्या छताच्या हाडातून जाणारे वासाचे बारीक तंतू तुटू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. डिस्चार्ज कार्डावर ह्याचा एक शब्द नव्हता. घरात गॅस गळला तरी ज्याला कळणार नाही, त्या माणसाला कागदावर "स्थिर" म्हटलेलं होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून वासाची तपासणी करून घेतली, ती फाईलला जोडली. रजिस्टर नसतं तर तीन पातेली मी घासून मांडणीवर ठेवली असती आणि विसरले असते.

आता दाव्याबद्दल. एफआयआर झाली होती, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये साधी दुखापत धरून. डोक्याला मार आहे, पंधरा दिवसांहून जास्त काळ माणूस नेहमीचं काम करू शकत नाही, म्हणजे ती गंभीर दुखापत होते. वैद्यकीय कागद नेऊन द्यावे लागले, तेव्हा कलम वाढलं. हे आपोआप होईल असं समजून बसू नका. २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत अधिकरणाला द्यायचा असतो. आम्ही ठाण्यात फेऱ्या मारल्या तेव्हा आमचा पुढे सरकला. दावा आम्ही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली जानेवारीत लावला. अपघातापासून सहा महिन्यांत दावा लावायची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद चालू आहे, पण त्या भरवशावर दिवस घालवू नका. गाडीवाला दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी आपण राहतो तिथे दावा लावता येतो.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी एक जण भेटला होता. आत्ता काही देऊ नका, मिळेल त्यातले तीस टक्के द्या, म्हणाला. निकालावर ठरवलेली अशी फी वकिलाने घेऊ नये असा बार कौन्सिलचा नियमच आहे. भाऊजींनी त्याला तिथूनच परत पाठवलं, त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

खरा घोळ अपंगत्वाच्या टक्क्यांचा आहे. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत मेंदूच्या दुखापतीचं वेगळं नाव नाही. टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर हे सरळ चालत गेले, नाव-पत्ता सांगितला, प्रश्नांना नम्रपणे उत्तरं दिली. बोर्डाने ३५ टक्के लिहिले. तोच माणूस त्या दिवशी संध्याकाळी वाण्याची ४८७० रुपयांची यादी पाच वेळा बेरीज करून पाच वेगळे आकडे काढत होता, आणि सहाव्या वेळी त्याने पेन भिंतीवर फेकलं. अपघातापूर्वी हे घाऊक दुकानात हिशेब पाहायचे, महिना २२ हजार. कॅल्क्युलेटर त्यांना लागायचा नाही.

सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या निकालात हेच स्पष्ट केलंय की शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के वेगळे. डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची रोजीरोटी जाते, कारकुनाची नोकरी राहू शकते. आमच्या घरात ते उलटं झालंय. हात-पाय शाबूत आहेत आणि ज्यावर पोट होतं ते डोकंच गेलंय. म्हणून आठव्या महिन्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे स्मरणशक्तीच्या आणि बुद्धीच्या चाचण्या करून घेतल्या. पीजीआय मेमरी स्केल त्यातलीच एक. दोन बैठका लागल्या, दुसऱ्या बैठकीत हे अर्ध्यातून उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बाईंनी तेही अहवालात लिहिलं. माझ्या मते डोक्याच्या दाव्यात बाकी सगळ्यावर काटकसर करा, ह्या अहवालावर करू नका.

फरक किती पडतो ते आमच्याच आकड्यांवर सांगते. वय ४१, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाची कमाई वयानुसार कितीने गुणायची तो आकडा, १४. प्रणय सेठी निकालाप्रमाणे ह्या वयात ठरावीक पगारावर पुढच्या वाढीचे २५ टक्के. २२ हजारांचे झाले साडेसत्तावीस, वर्षाचे ३ लाख ३० हजार, गुणिले १४ म्हणजे ४६ लाख २० हजार. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट होत नाही. ह्याचे ३५ टक्के धरले तर १६ लाख १७ हजार, आणि कमाईचं नुकसान ६० टक्के सिद्ध झालं तर २७ लाख ७२ हजार. औषधं, त्रास, सांभाळणाऱ्याचा खर्च हे ह्यावर वेगळं. सांभाळणारी घरचीच बायको आहे म्हणून तो खर्च शून्य धरायचा नसतो. २०२० मध्ये डोक्याला मार लागलेल्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन सांभाळणाऱ्यांचा खर्च महिन्याला पाच-पाच हजार धरून त्यालाही गुणक लावला. मी माझी डब्याची कामं कधी सोडली, कोणते डबे सोडले, तेही रजिस्टरमध्ये तारखेनिशी आहे.

सप्टेंबरच्या लोकअदालतीत कंपनीने नऊ लाख देऊ केले. घरात दोन मतं पडली. सासूबाई म्हणाल्या, हातात येतंय ते घे. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं आणि नाही म्हटलं. त्या रात्री झोप आली नाही, कारण उधारी डोक्यावर आहे. पण हे चुकलं असं मला अजून वाटलेलं नाही.

नोव्हेंबरात माझी साक्ष झाली. समोरच्या वकिलाने रजिस्टर उचललं, पानं चाळली आणि विचारलं, "पेज एक सौ बारह कहाँ है? फाड़ दिया?" मी घाबरले. पानांवर आकडे मी घातलेले नाहीत. रजिस्टर आलं त्या आठवड्यात, काहीतरी काम हवं म्हणून ह्यांनी घातले होते, पेन्सिलने, कोपऱ्यात, त्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात. मी तेवढंच सांगितलं, आणि म्हटलं की ८४ दोनदा असेल, पाहा. जजसाहेबांनी रजिस्टर मागून घेतलं. ८४ दोनदा होतं. १११ नंतर ११३ होतं, आणि मधल्या शिवणीत फाटल्याची खूण नव्हती. त्यांनी बाईंडिंग बोटाने उघडून दोनदा पाहिलं आणि टंकलेखकाला तसं लिहून घ्यायला सांगितलं. हे माझ्या मागच्या बाकावर बसले होते. हिशेबातली चूक भर कोर्टात वाचली गेली म्हणून त्यांची मान खाली गेली होती. दाव्याच्या दृष्टीने ती आमची सगळ्यात चांगली पेशी, आणि मला मात्र त्या क्षणी जाऊन त्यांच्या शेजारी बसावंसं वाटत होतं.

रजिस्टरच्या तक्रारीही आहेत. कागद पातळ आहे, पावसाळ्यात जेलपेनची शाई मागच्या पानावर उतरते, नकल काढताना दोन्ही बाजूंचं मिसळतं. बॉलपेनच वापरा. औषधांच्या पावत्या त्यात चिकटवू नका, फुगून शिवण सुटते. त्यांना वेगळी फाईल. मोबाईलवर लिहिणंही करून पाहिलं, पण मागाहून बदललं असेल ही शंका त्याला लगेच चिकटते.

जानेवारीत डॉक्टरांची उलटतपासणी आहे. पहिलं रजिस्टर कोर्टात जमा आहे, म्हणून दुसरं आणलं. छापील आकड्यांचं घेऊ का, असं वकीलताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नको. त्यांनाच घालू द्या." हे रोज दुपारी चाळीसेक पानं करतात, मग डोकं दुखायला लागतं. काल १६० पर्यंत आले होते.