बारसूची कातळशिल्पं, गाइडसोबत बघा (५ पैकी ४ स्टार)

राजापूरजवळ बारसूच्या सड्यावर (म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर) लोकल गाइड घेऊन गेलो, पैसे वसूल. सकाळी लवकर नेतो ते बेस्ट, कारण तिरप्या उन्हातच जांभ्या खडकात कोरलेल्या चित्रांच्या रेषा उठून दिसतात, दुपारी गेलात तर नुसता खडक दिसेल. मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघासारखे दोन प्राणी, ते बघून अंगावर काटा आला खरंच. एक स्टार कापला कारण चपला काढायला आणि रेषांवर पाय न द्यायला त्याने आधी सांगायला हवं होतं, सगळे तसेच चालत सुटले.

बाकी माहिती जबरदस्त. प्रस्तावित तेल रिफायनरीसाठी एप्रिल २०२३ मध्ये इथेच माती परीक्षण झालं आणि त्याच्या आदल्याच वर्षी बारसू युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आलं होतं, मग मला सांगा, आधी अख्ख्या सड्याचा सर्व्हे नको का? नुसत्या चित्राभोवती कुंपण घालून काय उपयोग, शेजारची चित्रं गवता-मातीखाली असतात आणि मोकळा सडा गेला की ती कुठे कोरली, का कोरली हे कळायचा मार्गच बंद. पावसाळा सोडून कधीही जा, पाणी सोबत ठेवा, सावली अजिबात नाही.